भागीदारी हवी, पण उघड

पुलाच्या पायाचे खोदकाम चालू आहे. निविदेसोबतच्या भूगर्भ अहवालात सहा मीटरवर कठीण खडक दाखवलेला आहे; प्रत्यक्षात साडेआठ मीटर खाली गेले तरी मुरूमच लागतो. खोदाई वाढणार, काँक्रीट वाढणार, कदाचित पायाचे डिझाइनही बदलावे लागणार. ठेकेदार एक्स्ट्रा आयटमचे पत्र देतो. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर पाहिलेले असते, त्याला काय करायला हवे तेही ठाऊक असते. पण त्याच्या हातात सहीचा अधिकार नसतो. पत्र उपअभियंत्याकडे, तिथून कार्यकारी अभियंत्याकडे, तिथून मंडळ कार्यालयात आणि तिथून संकल्पचित्र मंडळाकडे जाते. प्रत्येक टेबलावर एक शंका निघते आणि खुलाशासाठी फाइल खाली येते. फेब्रुवारीत लागलेल्या मुरुमाचा निर्णय मेअखेरपर्यंत होत नाही आणि जूनमध्ये खड्डा पाण्याने भरतो. बसून राहिलेल्या यंत्रांचे आणि माणसांचे भाडे ठेकेदार वहीत मांडत असतो. मुदत उलटली की खाते त्याला दंड लावते, तो खात्यावर दावा लावतो आणि पुढची कित्येक वर्षे लवाद, जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालय अशी वारी चालते.

या गोष्टीत कोणी लबाड असायची गरज नाही. सगळे प्रामाणिक असले तरी ती अशीच घडते, कारण सार्वजनिक कामाचा करार मुळात दोन प्रतिपक्षांसाठी लिहिलेला असतो. एकाने पैसे वाचवायचे, दुसऱ्याने ते काढायचे, आणि अडचण आली की दोघांनीही आधी पत्र लिहून स्वतःची बाजू सुरक्षित करायची. रस्ता, पूल किंवा धरण यांच्या पोटात काय आहे हे निविदेच्या दिवशी कोणालाच पूर्णपणे माहीत नसते. ते अज्ञान दोघांचे असते. करार मात्र ते एकाच्या गळ्यात घालतो आणि मग तो एक ते दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा प्रयत्न करतो.

अमेरिकेत १९८० च्या दशकात हीच परिस्थिती होती. दाव्यांनी हैराण झालेल्या लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने, म्हणजे नद्यांवरची धरणे आणि जलद्वारे बांधणाऱ्या सरकारी यंत्रणेने, त्या दशकाच्या अखेरीस वेगळा मार्ग धरला. अलाबामातील ओलिव्हर जलद्वाराचे काम हे त्याच्या पहिल्या उदाहरणांपैकी एक. कंत्राट नेहमीसारखे स्पर्धेतूनच दिले गेले. पण काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंची माणसे तटस्थ मध्यस्थासमोर एकत्र बसली, कामाची समान उद्दिष्टे लिहून काढली आणि त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. या पद्धतीला पार्टनरिंग असे नाव मिळाले. पुढे अ‍ॅरिझोना, टेक्सास, कॅलिफोर्निया या राज्यांच्या वाहतूक खात्यांनी ती उचलली.

नुसत्या सहीच्या कागदाने काही होत नाही, हे सांगायला अमेरिकेला जायची गरज नाही. त्या पद्धतीचे बळ एका साध्या शिडीत आहे. जागेवर वाद निर्माण झाला की तो सोडवायला जागेवरच्या दोन माणसांना, एक खात्याचा आणि एक ठेकेदाराचा, मोजके दिवस मिळतात. तेवढ्यात जमले नाही तर वाद आपोआप वरच्या पायरीवर जातो. तिथेही जोडी असते आणि तिथेही मुदत असते. कोणालाही तो दाबून ठेवता येत नाही, आणि निर्णय न घेणे हा निर्णय धरला जात नाही. त्याच्या जोडीला ठरावीक अंतराने दोन्ही बाजू एकमेकांना गुण देतात : पत्राला उत्तर किती दिवसांत आले, बिल किती दिवसांत निघाले, सुरक्षिततेत कुठे हयगय झाली. मध्यस्थाचा खर्च दोघे मिळून उचलतात. करारातील कलमे, दंड, दाव्याचा हक्क यांतले काहीही रद्द होत नाही. वरच्या मुरुमाची गोष्ट या शिडीवर ठेवून पाहा. मार्च उजाडण्याआधी ती अधीक्षक अभियंत्यांच्या टेबलावर पोचली असती, आणि समोर बसलेल्या ठेकेदाराच्या संचालकाला खोदाईचा दर फुगवून सांगणेही जड गेले असते.

याचा कामावर खरोखर परिणाम होतो का? ओरेगॉन राज्य विद्यापीठातील एरिक लार्सन यांनी १९९५ मध्ये २८० बांधकाम प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालक आणि ठेकेदार यांच्या संबंधांचे त्यांनी चार प्रकार केले : उघड वैर, सावध वैर, अनौपचारिक मेळ आणि रीतसर भागीदारी. खर्चावरचे नियंत्रण, तांत्रिक दर्जा आणि ग्राहकाचे समाधान या कसोट्यांवर रीतसर भागीदारीचे प्रकल्प सरस ठरले. टेक्सासच्या वाहतूक खात्याच्या चारशेहून अधिक कामांच्या तुलनेतही भागीदारीची कामे एकंदरीत उजवी निघाली.

हे निष्कर्ष जपूनच वापरले पाहिजेत. भागीदारीसाठी प्रकल्प निवडताना खाती बहुधा आपले चांगले अधिकारी आणि चांगले ठेकेदारच पुढे करतात; मग यश पद्धतीचे की माणसांचे हे वेगळे काढणे अवघड होते. शिवाय असे बरेच अभ्यास प्रकल्पावर काम केलेल्या लोकांच्याच उत्तरांवर उभे असतात, आणि ज्यांचे जमले ते काम चांगले झाले असेच सांगणार. तरीही वेगवेगळ्या ठिकाणच्या अनुभवाची दिशा एकच आहे, आणि आमच्या मते कारण सरळ आहे. अडचण लवकर बोलली गेली तर ती स्वस्तात सुटते. वैराच्या करारात ती लवकर बोलणे हे दोन्ही बाजूंना घातक वाटते.

ब्रिटनने हे करारातच उतरवले. १९९४ मध्ये सर मायकेल लॅथम यांचा बांधकाम उद्योगावरचा अहवाल आला, १९९८ मध्ये सर जॉन ईगन यांचा. दोघांचा सूर एक होता : एकमेकांवर दावे लावण्यात या उद्योगाची शक्ती वाया जाते आहे. त्या काळात तिथल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने एनईसी हा नवा करार आणला. परस्पर विश्वास आणि सहकार्य यांच्या भावनेने वागणे हे त्याचे पहिलेच बंधन. हे वाक्य ऐकायला गोड आहे. खरे काम करतात ती त्यामागची कलमे. खर्च किंवा मुदत वाढवू शकेल अशी कुठलीही गोष्ट कळताच दोन्ही बाजूंनी पूर्वसूचना द्यायची. मोबदला मागण्याजोग्या घटनेची सूचना ठेकेदाराने ठरलेल्या आठवड्यांत दिली नाही तर त्याचा मोबदल्याचा हक्क जाऊ शकतो. मालकाचा प्रतिनिधी मुदतीत बोलला नाही आणि आठवण दिल्यावरही गप्प राहिला, तर त्याची संमती गृहीत धरली जाते. मौन महाग करून ठेवले की माणसे बोलू लागतात. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकची बांधकामे याच करारावर झाली, आणि हाँगकाँगच्या सरकारनेही २००९ मध्ये साई कुंग भागातील एका नाल्याच्या कामापासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्याने स्वीकारला.

हिथ्रोच्या पाचव्या टर्मिनलचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. विमानतळाची मालक कंपनी खासगी होती, पण काम सार्वजनिक आणि अवाढव्य होते, ४३० कोटी पौंडांचे. मालकाने एरवी ठेकेदारावर ढकलली जाणारी जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली आणि सगळ्या पुरवठादारांना एकाच करारपद्धतीखाली आणले. बांधकाम वेळेत आणि ठरलेल्या खर्चात उभे राहिले. मग २७ मार्च २००८ ला टर्मिनल उघडले आणि पहिल्याच दिवशी सामानाची व्यवस्था कोलमडली. विमाने रद्द झाली, हजारो बॅगा अडकून पडल्या. बांधणाऱ्यांत जो मेळ होता तो इमारत चालवणाऱ्यांपर्यंत नीट पोचलाच नव्हता. दहा वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, कॅरिलियन ही सरकारी कामांवर वाढलेली बलाढ्य ब्रिटिश कंपनी बुडाली. तुटपुंज्या नफ्यावर कामे घेणे आणि खालच्या पुरवठादारांची बिले महिनोन्महिने लांबवणे ही तिची रीत होती. वरच्या टेबलावर भागीदारीच्या गप्पा आणि खाली पोटठेकेदाराची उपासमार, हे दोन्ही एकाच देशात, एकाच काळात चालू राहिले.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात कोकण रेल्वेपासून करावी लागते. तिथे पार्टनरिंग हा शब्द कोणी वापरला नव्हता. जुलै १९९० मध्ये कॉर्पोरेशनची स्थापना झाली, ई. श्रीधरन तिचे प्रमुख झाले, आणि रोहा ते मंगळूर हा सुमारे ७६० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्णपणे सुरू झाला. मध्ये नव्वदच्या वर बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल, रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंच पूल. आणि गोव्यातील पेडण्याचा बोगदा, जिथे खडकाऐवजी चिखलमाती होती आणि खोदलेले पुन्हा पुन्हा खाली येत होते.

पेडण्यासारख्या जागी ठेकेदाराला करार दाखवणे सोपे होते : तू दर भरलास, आता खोद. कॉर्पोरेशनने तसे केले नाही. कठीण खडकाच्या बोगद्यांसाठी स्वीडनहून हायड्रॉलिक ड्रिलिंग यंत्रे आणण्याचा भार मालकाने उचलला, कारण त्या काळी एकेकट्या ठेकेदाराला ते झेपणारे नव्हते. मऊ मातीत यंत्र चालत नव्हते, तिथे हाताने, इंचाइंचाने, आधार देत खोदावे लागले, आणि तो वेळ दोघांनी मिळून सोसला. निर्णयाचा अधिकार जागेवरच्या मुख्य अभियंत्याकडे होता. दिल्लीला फाइल पाठवायची गरज नव्हती. ठेकेदाराच्या बिलाचा मोठा हिस्सा सादर केल्यावर लगोलग दिला जाई आणि काटेकोर तपासणी मागाहून होई. पुढे दिल्ली मेट्रोतही श्रीधरन यांनी हीच शिस्त ठेवली. ज्यांनी लहान ठेकेदारी केली आहे त्यांना या एका गोष्टीचे मोल चटकन कळेल. बिल वेळेवर मिळते हे ठाऊक असले की दरात व्याजाचा आणि धास्तीचा भाग मिसळावा लागत नाही, मजूर टिकतात, आणि पोटठेकेदार दुसऱ्या कामावर पळत नाही. त्या मार्गावर अनेक कामगारांचे प्राण गेले, हेही इथे नोंदवायला हवे. वेग आणि मेळ यांच्या कौतुकात ती बाजू झाकली जाऊ नये. गुणांच्या तक्त्यात सुरक्षितता वरच्या ओळीत का असावी, याचे उत्तर त्या मृत्यूंत आहे.

त्याच कोकणात, त्याच डोंगरांतून आणि त्याच पावसात, मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालले आहे. पनवेल ते इंदापूर हा चौऱ्याऐंशी किलोमीटरचा पहिला टप्पा खासगी गुंतवणुकीच्या करारावर दिला गेला आणि अडकला. कर्नाळा अभयारण्याची परवानगी, भूसंपादन आणि ठेकेदाराची आर्थिक ओढाताण यांचा गुंता सुटता सुटेना. पुढच्या लांबीचे तुकडे करून ती वेगवेगळ्या ठेकेदारांना दिली. काही ठिकाणी ठेकेदार बदलावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. उच्च न्यायालयात याचिका वर्षानुवर्षे चालू राहिल्या, आणि दर गणेशोत्सवाला चाकरमान्यांनी तेच खड्डे पाहिले.

रेल्वे आणि महामार्ग यांची तुलना सरधोपटपणे करू नये. एकाकडे एकाच कामासाठी उभारलेले कॉर्पोरेशन होते, दुसऱ्याकडे अनेक खाती आणि दोन सरकारे. महामार्गाकाठी वस्ती आणि दुकाने आहेत, जमिनीचे तुकडे आहेत. पण या फरकांना पुरेसा मान दिल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते. रेल्वेच्या कामात अडचण ही मालकाची अडचण मानली गेली. महामार्गावर ती ज्याच्या ताब्यात जमीन आलेली नाही त्या ठेकेदाराची मानली गेली, आणि तो गेला की पुढच्याची.

मग आपली खाती हा मार्ग का धरत नाहीत? आळस किंवा अज्ञान हे उत्तर अपुरे आहे. खरे कारण भीती आहे, आणि ती भीती निराधार नाही. महाराष्ट्रात अधिकारी आणि ठेकेदार एका टेबलावर बसले की लोकांच्या मनात पहिला संशय संगनमताचा येतो. सिंचन प्रकल्पांच्या फुगलेल्या खर्चाची चर्चा या राज्याने पोटभर ऐकली आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पर्यंत अशी तरतूद होती की सार्वजनिक हित नसताना कोणाला आर्थिक लाभ झाला, तर अधिकाऱ्याने स्वतः दमडी घेतलेली नसली तरी तो अडकू शकत होता. ती तरतूद गेली, निर्णयांच्या चौकशीआधी परवानगीची अटही आली. पण सवय गेलेली नाही. ज्या अभियंत्याने मुरुमाच्या प्रश्नावर आठ दिवसांत निर्णय दिला त्याला लेखापरीक्षणाचा आक्षेप येण्याची शक्यता असते. ज्याने तो आठ महिने लोंबकळत ठेवला त्याला कोणी विचारत नाही, आणि लवादाने पुढे व्याजासह लावलेली रक्कम त्याच्या नावावर कधीच चढत नाही.

आमचे म्हणणे असे, की रीतसर भागीदारी ही संगनमताची शत्रू आहे. संगनमत बंद दाराआड, दोन माणसांत आणि कागद न ठेवता होते. शिडीच्या पद्धतीत प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंची नावे, तारखा आणि कारणे लिहिली जातात. मध्यस्थ तिसरा असतो. गुणांचा तक्ता दर महिन्याला भरला जातो. हे सगळे कागद खात्याच्या संकेतस्थळावर टाकायला कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. एक्स्ट्रा आयटम मंजूर झाला तर का, कोणत्या दराने आणि किती दिवसांत, हे गावच्या सरपंचालाही वाचता आले पाहिजे. जो ठेकेदार उघड भागीदारीला नकार देतो त्याच्याकडे लक्ष ठेवावे, आणि जो अधिकारी देतो त्याच्याकडेही.

दोन अडसर मात्र मध्यस्थाच्या कार्यशाळेने दूर होणारे नाहीत. पहिला, निविदेतले दर. अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के बिलो दराने काम घेणारा ठेकेदार पहिल्या दिवसापासून ती तूट भरून काढायच्या मागे असतो. दहा टक्क्यांहून अधिक खाली गेल्यास जादा अनामत घेण्याचा नियम आपल्याकडे आहे. त्याने धाडस थोडे आवरते, पण मुळातला हिशेब बदलत नाही. अशा माणसाशी भागीदारी म्हणजे त्याच्या एक्स्ट्रा आयटमशी भागीदारी. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत काही अटींवर कामांच्या निवडीत दर्जालाही गुण देण्याची मुभा दिली. मोठ्या आणि गुंतागुंतीच्या कामांत ती वापरली जायला हवी, आणि त्या गुणांत ठेकेदाराच्या आधीच्या कामांवरील तक्ते धरले जायला हवेत.

दुसरा अडसर सरकार स्वतः आहे. त्याच सूचनांत म्हटले आहे की चालू बिलाच्या किमान ७५ टक्के रक्कम बिल सादर झाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत आणि उरलेली तपासणी करून अठ्ठावीस कामकाजाच्या दिवसांच्या आत द्यावी. ही केंद्राच्या खात्यांसाठीची शिस्त. आपल्या राज्यात थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांच्या संघटनांना आंदोलने करावी लागली. तरतूद नसताना कार्यारंभ आदेश द्यायचे, मोजमाप पुस्तिकेत काम नोंदवून घ्यायचे आणि मग निधी वितरित नाही म्हणून मार्चअखेरपर्यंत थांबवायचे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. ज्याचे पैसे सहा महिने अडकले आहेत त्याला विश्वासाची भाषा ऐकवण्याचा अधिकार मालकाला उरत नाही. मोठा ठेकेदार निदान बँकेकडे जातो. तालुक्याचा ठेकेदार सावकाराकडे जातो, आणि त्या व्याजाची वसुली शेवटी सिमेंटमधून आणि मजुरीतून होते.

केंद्राने ३ जून २०२४ ला काढलेल्या सूचनांनी लवादाची वाट अरुंद केली आहे : सरकारी खरेदीच्या करारांत दहा कोटींहून मोठ्या वादांसाठी लवादाचे कलम सहसा ठेवू नये, मध्यस्थीवर भर द्यावा. लवाद खर्चिक आणि लांबणीचा झाला हे खरेच. पण वाद मुळात साचू न देण्याची सोय न करता शेवटचा दरवाजा आवळला तर ते सगळे वाद दिवाणी न्यायालयात जाऊन पडतील. जपानी कर्जावरच्या प्रकल्पांत, अटल सेतूसारख्या, आंतरराष्ट्रीय धर्तीचे करार वापरले गेले. त्या धर्तीच्या करारांत बांधकाम चालू असतानाच तंटे ऐकणाऱ्या तज्ज्ञ मंडळाची कल्पना असते. अमेरिकेत कोलोरॅडोच्या आयझेनहॉवर बोगद्यावर असे मंडळ १९७५ मध्येच बसले होते. परदेशी कर्ज घेताना जे आपल्याला चालते ते आपल्या तिजोरीतल्या पैशाने बांधताना का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

सुरुवात लहान असावी. सार्वजनिक बांधकाम विभागाने येत्या वर्षात मोजकी मध्यम आकाराची कामे निवडावीत, त्यात किमान दोन पूल आणि एक घाटरस्ता असावा, आणि ती निवडताना नेहमीचे कर्तबगार अधिकारी मुद्दाम गोळा करू नयेत. तशीच तितकीच कामे जुन्या पद्धतीने चालू ठेवून दोन्हींची नोंद समान रकान्यांत ठेवावी : पत्राला उत्तर मिळायला लागलेले दिवस, बिलाचे दिवस, वाढलेली किंमत, दाव्यांची रक्कम, अपघात. निवडलेल्या प्रत्येक कामाचा पूर्ण निधी कार्यारंभ आदेशाआधी बाजूला काढलेला असावा. मध्यस्थाच्या फीची अर्धी तरतूद अंदाजपत्रकातच करावी, आणि शिडीवर ठरलेल्या मुदतीत सकारण लेखी निर्णय देणाऱ्या अभियंत्याच्या मागे शासन उभे राहील, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे. तो शासन निर्णय निघाल्याशिवाय पहिली कार्यशाळा घेऊ नये.